धर्मग्राम आणि तरुण मुले-मुली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, संडे स्कूलचे शिक्षक, पालकीय परिषदेचे (पॅरिश कौन्सिलचे) सदस्य आणि खुद्द तरुण मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरे. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा कॅथलिक समाज (पॅरिश), आणि एका बिशपांच्या देखरेखीखालच्या धर्मग्रामांचा समूह म्हणजे धर्मप्रांत. लिहिताना डोळ्यांसमोर वसई धर्मप्रांत आहे. एकीकडे पापडी, रमेदी, संडोर, नंदाखाल, आगाशी अशी जुनी मराठी धर्मग्रामे आणि दुसरीकडे रेल्वेलाइनला धरून वाढलेली नालासोपारा-विरारकडची नवी वस्ती. इतर ठिकाणच्या वाचकांनी आपल्या गावाप्रमाणे फेरफार करून घ्यावेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे तरुणांसाठी कार्यक्रमांची वाण नाही. नातळचा गोठा, सणाची सजावट, क्रिकेटचे सामने, उपवासकाळातले दुःखसहनाचे नाट्य, सगळे होते. पण तरुणांना आपण कामाला बोलावतो, निर्णयाला बोलावत नाही. खालची बरीच उत्तरे फिरून याच दुखण्यापाशी येतात.

युवक कोणाला म्हणायचे? वयाची अट काय?

दहावीच्या पुढचे आणि लग्न-संसारात पुरते न अडकलेले, असा ढोबळ हिशोब बहुतेक ठिकाणी असतो. पण सोळा वर्षांची अकरावीतली मुलगी आणि अंधेरीला नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा तरुण यांना एकाच सतरंजीवर बसवून एकच भाषण ऐकवले, तर दोघेही पुढच्या वेळी येत नाहीत. चर्चच्या कायद्यातही (कलम ९७) अठरा वर्षांखालची व्यक्ती अल्पवयीन धरली आहे आणि देशाचा कायदाही तेच म्हणतो. तेव्हा किमान दोन गट करावेत. सण, सहल, सेवाकार्य एकत्र चालेल. बैठक आणि चर्चा वेगळी.

दृढीकरण झाले की मुले गायब होतात. असे का?

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार (कन्फर्मेशन). मुले गायब होतात, कारण आपणच तो समारोपाचा समारंभ करून टाकला आहे. संडे स्कूलची दहा वर्षे, हजेरी, परीक्षा, मग बिशप येतात, नवे कपडे, फोटो, जेवण. एवढे सगळे शाळेच्या निरोप समारंभासारखे दिसत असेल, तर मुलांनी निरोप घेतला यात त्यांचा काय दोष?

शिवाय वेळही नेमकी तीच. दहावी संपते, कॉलेज सुरू होते, रविवारी सकाळी क्लासची टेस्ट असते. ज्या शिक्षिकेला मुलाचे नाव, घर, आजीचे दुखणे ठाऊक होते, तिचा वर्ग संपतो आणि पुढे त्याला नावाने ओळखणारे कोणीच उरत नाही. युवा मंडळाचा अध्यक्ष वेदीवरून जाहीर करतो, “सर्वांनी यावे.” सर्वांना बोलावले म्हणजे कोणालाच बोलावले नाही.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. दृढीकरणाच्या सहा महिने आधीपासून युवा मंडळातल्या दोघा-तिघांनी त्या वर्गात येऊन बसावे. शिक्षकांनी मुलांची यादी त्यांच्या हातात द्यावी. हा मुलगा गिटार वाजवतो, हिच्या घरी वडील आजारी आहेत, हा बोलत नाही पण गोठा बांधायला रात्रभर थांबतो, एवढी माहिती तोंडी सांगावी. मग प्रत्येक पाच-सहा मुलांमागे एक मोठे माणूस ठरवावे. दृढीकरणानंतरच्या पहिल्या वर्षात त्याने फक्त संपर्क ठेवायचा.

यात एका माणसाला आपण पार विसरलो आहोत. दृढीकरणाच्या वेळी उमेदवाराच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहणारे धर्मपिता किंवा धर्ममाता. चर्चच्या कायद्याच्या कलम ८९२ प्रमाणे त्यांचे काम फोटोपुरते नाही. दृढीकरण झालेली व्यक्ती ख्रिस्ताची साक्ष देत जगते आहे ना, याची काळजी त्यांनी वाहायची आहे. बाप्तिस्म्याच्याच धर्मपालकांना इथेही उभे करणे बरे, असेही कायदा सुचवतो. आपल्याकडे मात्र आदल्या आठवड्यात “कोणीतरी एक मामा” शोधला जातो. पालकांची एक बैठक केवळ या विषयावर घेतली तरी पुष्कळ फरक पडेल.

युवा मंडळ आहे, पण येतात तेच दहाजण. काय करावे?

आधी त्या दहाजणांचे आभार माना. मग त्यांना विचारा की नवीन कोणी आला तर त्याला बसायला जागा मिळते का. जुन्या मंडळांचे विनोद, टोपणनावे, गावातली भांडणे एवढी घट्ट झालेली असतात की बाहेरचा माणूस तासाभरात ओळखतो, इथे आपले काम नाही. पूर्वेकडच्या इमारतींत राहायला आलेल्या मंगळुरी, गोवेकर, मल्याळी कुटुंबांतली मुले याच कारणाने दारातून परत जातात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या सिनडनंतर (बिशपांच्या सभेनंतर), २५ मार्च २०१९ रोजी, तरुणांसाठी एक प्रबोधनपत्र काढले. त्यात युवाकार्याच्या दोन दिशा सांगितल्या आहेत. एक, जे आलेले नाहीत त्यांच्याकडे जाणे. दुसरी, जे आले आहेत त्यांची वाढ. पहिल्या कामात तरुणांवर विश्वास टाका, आपल्या मित्रांपर्यंत कसे पोहोचायचे ते त्यांना कळते, असा त्या पत्राचा रोख आहे. आपण नेमके उलटे करतो: पत्रक फादर लिहितात, पोस्टर समिती मंजूर करते आणि वाटायचे काम तेवढे मुलांकडे.

बैठक कधी ठेवावी?

मुलांना विचारून. चर्चगेटहून सुटलेली गर्दीची लोकल विरारला पोहोचेपर्यंत माणूस गळून गेलेला असतो, त्यामुळे कामाच्या दिवशी संध्याकाळी सात ही वेळ कागदावरच राहते. रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) चहासह पाऊण तास, किंवा महिन्यातून एक शनिवार रात्री, हे टिकते. आणि सांगितलेल्या वेळी संपवा.

मार्गदर्शक कोण असावा? तरुण फादर मिळाले की काम होईल ना?

सहायक फादर तरुण असले, फुटबॉल खेळत असले, तर मंडळ दोन-तीन वर्षे फुलते. मग त्यांची बदली होते आणि मंडळ त्यांच्याबरोबर जाते. दर बदलीनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात करणारी धर्मग्रामे मी पाहिली आहेत. यात फादरांचा दोष नाही. एका माणसाच्या हसऱ्या स्वभावावर सगळे काम टांगून ठेवण्याची आपली सवयच वाईट आहे.

म्हणून गाभा गावातल्या माणसांचा असावा. तिशी-चाळिशीतले एखादे जोडपे, एक निवृत्त शिक्षक किंवा नर्स, एक सिस्टर आणि विशी ओलांडलेले दोन तरुण, एवढी टीम पुरते. त्यात स्त्रिया हव्यातच. मुली काही गोष्टी फादरांशी किंवा अंकलशी बोलणार नाहीत. जोडपे असले की आणखी एक फायदा होतो. ख्रिस्ती संसार म्हणजे काय हे मुलांना प्रवचनातून कळत नाही. त्या घरात रविवारी चहाला गेले, नवरा-बायको एका क्षुल्लक गोष्टीवरून वाद घालताना आणि मग हसताना पाहिले, की कळते.

निवडताना बोलघेवडा माणूस टाळा. सिनडपूर्वी मार्च २०१८मध्ये जगभरातून रोममध्ये जमलेल्या तरुणांनी आपल्याला कसा मार्गदर्शक हवा ते सांगितले होते. त्यात एक मागणी होती की त्याने स्वतःची अपूर्णता ओळखलेली असावी. परिपूर्ण माणूस नको, क्षमा मिळालेला पापी चालेल. दुसरी मागणी अशी की त्याने आम्हाला मागे चालवू नये, बरोबरीने चालू द्यावे. आपल्या समित्यांनी उमेदवार निवडताना हे दोन निकष लावले, तर निम्मी नावे आपोआप गळतील.

प्रशिक्षण हवे का? हवे. आयसीवायएम ही भारतातल्या कॅथलिक युवकांची राष्ट्रीय चळवळ आहे, तिच्यामार्फत आणि धर्मप्रांताच्या युवा विभागाकडून शिबिरे होतात. पण ऐकण्याची कला शिबिरात शिकवता येते त्याहून जास्त घरात शिकावी लागते.

तरुणांना निर्णयात घ्यायचे म्हणजे नेमके काय करायचे?

पालकीय परिषदेत एक “युवा प्रतिनिधी” असतो. तो बहुधा शेवटच्या खुर्चीत बसतो आणि सणाच्या आधीच्या बैठकीत त्याला विचारतात, “स्वयंसेवक किती देणार?” हे प्रतिनिधित्व नव्हे.

चर्चच्या कायद्यात पालकीय परिषद (कलम ५३६) सल्ला देणारी आहे आणि आर्थिक समिती (कलम ५३७) प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. या दोन्ही ठिकाणी पंचविशीतली माणसे बसायला कायद्याची काही आडकाठी नाही. आडकाठी असते ती आपल्या मनाची. बँकेत काम करणारी, सीए करणारी, संगणकावर तीन मिनिटांत ताळेबंद काढणारी मुलगी आर्थिक समितीत नाही आणि वहीत बेरजा करणारे आजोबा तिथे पंधरा वर्षे आहेत, हे अनेक गावांत दिसेल. आजोबांना काढा असे मी म्हणत नाही. तिला शेजारी बसवा.

त्याहून महत्त्वाचे, एक काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. पूर्णपणे म्हणजे रक्कम, निर्णय, हिशोब आणि अपयशसुद्धा. उदाहरणार्थ, गरीब विद्यार्थ्यांच्या फीचा निधी. पंचवीस हजार रुपये असोत, पण कोणाला द्यायचे ते तरुणांनी घरभेटी देऊन ठरवावे आणि वर्षाअखेर हिशोब वेदीवरून वाचून दाखवावा. चूक होईल का? होईल. मोठ्यांच्या समित्यांत होत नाहीत असे थोडेच आहे.

ज्यांना वीस वर्षांची पोरे अशा कामाला लहान वाटतात, त्यांच्यासाठी एक आठवण. गरिबांना मदत करणारी संत विन्सेंट द पॉल संस्था आज आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आहे आणि तिचे सभासद बहुधा केस पिकलेले असतात. ती सुरू झाली २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये. फ्रेदेरिक ओझानाम हा विद्यार्थी आणि त्याचे मित्र एकत्र आले होते. तो ओझानामचा विसावा वाढदिवस होता.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम एवढे कडक कशाला? आपण एका गावचे, एकमेकांना ओळखणारे.

अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून होतो, म्हणूनच. इथे भिडस्तपणा चालणार नाही.

अठरा वर्षांखालील मुलांच्या लैंगिक शोषणाला २०१२चा पॉक्सो कायदा लागू होतो. त्यातल्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हाही गुन्हा आहे. “आधी फादरांच्या कानावर घालू, मग बघू” हा मार्ग कायद्यात नाही. “मुलीची बदनामी होईल” हेही कारण नाही. पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, तातडीला ११२.

रोजच्या वागण्यात काही गोष्टी लिहून ठरवा आणि सर्वांना, अगदी धर्मगुरूंनाही, सारख्याच लागू करा. अल्पवयीन मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसायचे नाही. बोलायचे तर दार उघडे किंवा काचेचे. मुक्कामाच्या शिबिरात मुली असतील तर महिला जबाबदार व्यक्ती हवीच आणि पालकांची लेखी परवानगी हवी. व्हॉट्सॲपवर मोठ्या माणसाने अल्पवयीन मुलाला रात्री खासगी निरोप पाठवायचे नाहीत. जे सांगायचे ते ग्रुपवर, आणि त्या ग्रुपमध्ये किमान दोन मोठी माणसे. मुलांचे फोटो धर्मग्रामाच्या पानावर टाकण्याआधी घरी विचारायचे. नियमावर कोणी रुसले, तर रुसू द्या.

मूल निराश आहे, खोलीतून बाहेर येत नाही. प्रार्थनेला आणावे का?

जरूर आणा, पण डॉक्टरकडेही न्या. नैराश्य हा आजार आहे, श्रद्धा कमी पडल्याचा पुरावा नव्हे. “तू रोज रोझरी म्हटली असतीस तर” असे आजारी मुलाला कोणी म्हणू नये. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक सूचनाफलकावर लावा, दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात मिस्सेनंतर वाचून दाखवा.

पापनिवेदनाबद्दल मुलांच्या मनात एक भीती असते: फादर घरी सांगतील का? नाही. ते गुपित कोणत्याही कारणास्तव फोडता येत नाही, आई-वडिलांसाठीही नाही. पण पापनिवेदन म्हणजे समुपदेशन नव्हे. ज्याला तासभर बोलायचे आहे त्याला वेगळी वेळ द्यावी.

मुलीचे प्रेम दुसऱ्या धर्मातल्या मुलावर आहे. धर्मग्रामाने काय करायचे?

सर्वात आधी, तिला घरातून आणि गावातून तोडायचे नाही. हा प्रश्न पालक कुजबुजत विचारतात आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

चर्चचा कायदा काय म्हणतो ते स्पष्ट माहीत असले की निम्मी घबराट जाते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह होऊ शकतो. त्यासाठी बिशपांकडून सूट घ्यावी लागते. दुसऱ्या ख्रिस्ती पंथातल्या व्यक्तीसाठी परवानगी घ्यावी लागते. दोन्ही बाबतींत कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा टिकवण्याचे आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे म्हणून आपल्याकडून होईल ते सारे करण्याचे वचन द्यायचे असते. समोरच्याला या वचनाची कल्पना द्यायची, त्याच्याकडून धर्मांतर मागायचे नाही. १८७२चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदाही एक पक्ष ख्रिस्ती असलेल्या विवाहाला लागू होतो.

अशी सूट न घेता केवळ नोंदणी कार्यालयात, १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न केले, तर देशाच्या कायद्याने ते पक्के आहे, चर्चच्या दृष्टीने नाही. मात्र तेही नंतर सुधारून घेता येते. अनेक जोडपी हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षे चर्चच्या मागच्या बाकावर बसतात आणि कम्युनियनला उठत नाहीत. त्यांच्या घरी जाऊन एवढे सांगणारा कोणीतरी हवा.

आणि हो, चर्चच्या कायद्यातले लग्नाचे किमान वय (मुलगा १६, मुलगी १४) वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये. भारतात २१ आणि १८, आणि तेच पाळले जाते.

मुलगा म्हणतो, विज्ञान शिकल्यावर देव पटत नाही. कसे समजवावे?

समजवायला धावू नका, आधी त्याला पुरते बोलू द्या. पुष्कळदा प्रश्न विज्ञानाचा नसतो. गेलेल्या मित्राचा किंवा चर्चमध्ये पाहिलेल्या ढोंगाचा असतो. प्रश्न खरोखर विज्ञानाचा असेल, तर विश्वाच्या प्रसरणाची आणि आरंभाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन धर्मगुरू होते आणि वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठवासी होते, हे त्याला सांगा. वाद जिंकण्यासाठी नव्हे. चर्चमध्ये प्रश्न विचारायला जागा आहे, एवढे त्याला दिसावे म्हणून. ज्याचे उत्तर येत नाही, तिथे “मला माहीत नाही” म्हणणाऱ्या शिक्षकावर मुले जास्त विश्वास टाकतात.

मिस्सा मराठीत, मुले इंग्रजी माध्यमात. त्यांना कळतच नाही.

तक्रार खरी आहे. इंग्रजी मिस्सा वाढवली की तात्पुरते सुटते, पण आजी आणि नात वेगवेगळ्या मिस्सेला जाऊ लागतात. माझ्या मते गायनवृंद हा चांगला मार्ग आहे. मराठी नीट वाचता न येणारी मुले गाण्यातून ती पटकन उचलतात. वाचनाची पाळी आली की आदल्या रविवारी उतारा द्यावा आणि कोणीतरी बसून म्हणवून घ्यावा. अडखळले म्हणून हसणाऱ्या मागच्या रांगेचा बंदोबस्त मात्र प्रमुख धर्मगुरूंनी करावा.

चर्चने तरुणांना पर्यावरण, पाणी, विकास आराखडा अशा विषयांत ओढावे का?

वसईत हा प्रश्न विचारावा लागतो याचेच आश्चर्य. हरित वसईची चळवळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिच्यात सर्व धर्मांची माणसे होती. आजच्या मुलांना बावखले (छोटी तळी), विहिरी, केळीच्या बागा बुजताना दिसतात. कोणत्याही पक्षाचा झेंडा धर्मग्रामाच्या आवारात नको, हे खरे. पण हरकती-सूचना कशा नोंदवायच्या, माहितीचा अधिकार कसा वापरायचा, हे शिकवणे म्हणजे पक्षीय राजकारण नव्हे.

जागतिक युवक दिनाला मुले पाठवावीत का? खर्च फार येतो.

या दिवसानिमित्त कॅथलिक तरुणांचा जागतिक मेळावा भरतो; पुढचा ऑगस्ट २०२७मध्ये सेऊलला आहे. ज्यांना जमेल त्यांनी जावे. परत आल्यावर त्यांच्याकडून वर्षभर काम घ्यावे, ही अट आधी सांगावी. पण हा दिवस ख्रिस्तराजाच्या सणाला प्रत्येक धर्मप्रांतातही साजरा होतो आणि त्याला विमानाचे तिकीट लागत नाही.

तरुण कॅनडाला, आखातात, इस्रायलला निघून चाललेत. गेलेल्यांसाठी आणि जाणाऱ्यांसाठी धर्मग्राम काय करू शकते?

जाण्याआधी फसवणूक टाळण्यास मदत. आखातातल्या नोकरीसाठी एजंट पैसे मागतो, तेव्हा तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे दहा मिनिटांत तपासता येते. नोंदणीकृत एजंटलाही कमाल ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. लाखभर मागत असेल तर तिथेच थांबावे. युवा मंडळातल्या दोघांनी हे काम शिकून घेतले आणि रविवारी ऑफिसात तासभर बसले, तर काही घरे कर्जातून वाचतील.

गेल्यावरचे काम कागदाचे आहे आणि ते बहुतेक वेळा रडतखडत होते. परदेशी लग्न ठरले की तिथले फादर बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात. ताजा अशासाठी, की बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदवहीत पुढे दृढीकरण आणि विवाह यांचीही नोंद होते (चर्चच्या कायद्याचे कलम ५३५) आणि त्यावरून माणूस लग्नाला मोकळा आहे हे कळते. म्हणून बाहेरगावी लग्न झालेल्यांची नोंद मूळ वहीत आली आहे का, हे वर्षातून एकदा तपासावे. त्याच वेळी परदेशी गेलेल्यांचे पत्ते आणि फोन घरच्यांकडून घेऊन यादी करावी. दाखल्यासाठी येणाऱ्या ईमेलला आठ दिवसांत उत्तर जाईल असा माणूस नेमावा, आणि तो युवा मंडळातलाच असेल तर उत्तम. मागणारा बहुधा त्याच्याच वर्गातला असतो.